पट्टीवरचं ‘बंद’

चि. मास्तर यास,

(सदुसष्ट वर्षांच्या, टक्कल पडलेल्या निवृत्त हेडमास्तरला ‘चि.’ लिहिताना माझाही हात अडखळतो. पण तू माझ्या मागून जन्मलास, त्याला मी काय करू?)

अक्काचे आशीर्वाद, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळे आशीर्वाद. उजवा बरा आहे आणि डावा रुसलाय असं तू मागं लिहिलं होतंस. दोघांचं आता कुठवर आलंय ते कळव. भावजयीला सांग, तिनं विणलेला गळपट्टा मी रोज वापरते. (वापरते म्हणजे शिडीवर चढताना कमरेला बांधून त्यात पक्कड खोचते, पण एवढं तपशिलात सांगू नकोस.) माझी तब्येत ठीक आहे. भूक लागते. झोप मात्र गेल्या मंगळवारपासून लागत नाही आणि त्याचं कारण सांगायला हे पत्र लिहितेय, तुझ्याकडे काही मागायला नव्हे. हे आधीच लिहून टाकते, कारण माझं जाड पाकीट दिसलं की तुझ्या पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे. आणखी एक. या पत्रात मी तुला कशाचाही दोष देणार नाही. शेवटच्या ओळीपर्यंत देणार नाही.

डॉक्टरीणबाईंच्या नव्या प्रसूतिगृहाचं विजेचं काम आम्ही घेतलं, हे तुला माहीत आहे. बारा खाटा, खाली शस्त्रक्रियेची खोली, वर वॉर्ड, मागं जनरेटर. आम्ही म्हणजे मी आणि मिस्त्री. हे गेले तेव्हा मी चाळिशीची होते, आणि धंदा गुंडाळावा असंच सगळ्यांचं मत पडलं. (तुझंही पडलं होतं, पण मी तो विषय काढत नाही.) एकटे मिस्त्री म्हणाले, ‘वहिनी, कागद तुम्ही बघा, तारा मी बघतो.’ त्याला एकतीस वर्षं झाली. कागद बघता बघता मी परवान्याची परीक्षाही दिली, आणि अभ्यासाला तू तुझ्या शाळेतली जुनी विज्ञानाची पुस्तकं पाठवलीस. त्यामुळे मी वीज शिकले ती पुस्तकातल्या मराठीतून. मिस्त्री शिकले बोटांच्या टोकांनी. त्यांच्यासमोर ‘विद्युतधारा’ म्हटलं तर ते छताकडे बघतात, कुठं गळतंय का म्हणून. एकतीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. मी बोलते, ते ऐकून घेतात, मग त्यांना हवं तेच करतात, आणि ते बरोबर निघतं. असा संसार कुणाचा झाला असेल तर दाखव.

काम सुरू करायच्या आधी मी वही घेऊन सगळ्यांकडे फिरले. कोण कुठं काय लावणार, किती वेळ लावणार. माणसं उद्या काय करतील हे आज ओळखायचं आणि तेवढी जाड तार भिंतीत घालून ठेवायची, एवढीच आमच्या कामाची आखणी. अडचण एकच, विजेच्या बाबतीत चांगली चांगली माणसं धडधडीत खोटं बोलतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या खोलीत एक दिवा पुरे; त्या एका दिव्याला महिन्याभरात एक पंखा, एक फ्रिज आणि एक एसी अशी लेकरं झाली. मेट्रनबाई म्हणाल्या, आम्हाला काही म्हणजे काही नको. त्यांच्या कपाटात दोन हजार वॅटची पाणी उकळायची किटली निघाली. मी ती वहीत लिहायला गेले तर म्हणतात, ‘अक्का, ती किटली नाहीये.’ मी म्हटलं, ‘मग ही समोर काय आहे?’ तर म्हणाल्या, ‘ही आहे, पण ती नाहीये.’ तेव्हा जी किटली नाही तिच्यासाठी मी वेगळी लाइन ओढून घेतली. आजवर जळालेल्या तारा मी पुष्कळ बघितल्या. त्यातल्या बहुतेक, नसलेल्या वस्तूंनीच जाळलेल्या होत्या.

आता पट्ट्यांकडे येते. (तुझा चष्मा वर सरकलेला मला इथून दिसतोय. तरीही दोष देणार नाही.) खाली जिन्याजवळच्या खोलीत मुख्य पॅनेल आहे, माणसाएवढं उंच, त्यावर नऊ फिरत्या मुठी. प्रत्येक मुठीला दोन जागा. एका जागी वीज वाहते, दुसऱ्या जागी थांबते. पॅनेलबरोबर आलेल्या, मुठींशेजारी लावायच्या पट्ट्या इंग्रजीत होत्या, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथं काम करणाऱ्या बायकांना वाचता येईल असं काहीतरी लिहा. मराठी लिहायचं म्हटलं की मला तू आठवतोस. मी तुला यादी पाठवली. साधी ‘चालू’ आणि ‘बंद’ अशी यादी होती. ती तू लाल शाईनं तपासून परत पाठवलीस. ‘चालू’ हा शब्द यंत्राला सैल बसतो आणि माणसाला वाईट, असा शेरा समासात, आणि खाली शास्त्रशुद्ध शब्द. दोन टोकं जुळली, वाट पूर्ण झाली, वीज धावू लागली, की ‘परिपथ बंद’. टोकं सुटली, वीज थांबली, की ‘परिपथ खुला’. पुस्तकात अगदी असंच आहे. मीही परीक्षेत असंच लिहून गुण मिळवले होते. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात काना-मात्रेचीही चूक नाही, आणि म्हणूनच मी तुला दोष देत नाही.

पण पट्टी होती बोटाएवढी. कोरणाऱ्या माणसाला ‘परिपथ’ तिच्यात मावेना. त्यानं मला न विचारता तो शब्द गाळला आणि उरलेलं फार सुबक कोरलं. जिथं वीज वाहते तिथं ‘बंद’. जिथं वीज नाही तिथं ‘खुला’. मी अठराच्या अठरा पट्ट्या हातात घेऊन वाचल्या, आणि माझ्या डोक्यातल्या पुस्तकानं गाळलेला शब्द आपणहून भरून घेतला. मला त्या बरोबर वाटल्या. मी स्वतः स्क्रू आवळले आणि लांब उभी राहून बघितलं, लेकराची वेणी घालून झाल्यावर बघतात तसं.

मंगळवारी दहाला तपासनीस साहेब आले. किरकोळ अंगाचे गृहस्थ. ते फक्त ‘बरं’ म्हणतात. त्या ‘बरं’ला चढ नाही, उतार नाही, घर पेटलं तरी तेवढंच आणि पेढा दिला तरी तेवढंच. पोर्चमधे खुर्ची मांडली होती तिकडे बघितलं, ‘बरं’ म्हणाले आणि उभेच राहिले. आधी अर्थिंग मोजलं. जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीला तारा जोडून साहेब आकड्याकडे बघत होते आणि मी साहेबांकडे. ‘बरं.’ मग मेगर, म्हणजे तारेच्या आवरणातून कुठं वीज पाझरते का ते सांगणारं यंत्र. एकेक लाइन त्याला जोडायची आणि काटा कुठं जातो ते बघायचं. मुलाचा निकाल लागताना आई बघते तशी मी त्या काट्याकडे बघत होते, आणि किटलीच्या लाइनवर तो जरा रेंगाळला. पण गेला, जिथं जायचा तिथं गेला. मिस्त्री मागं हात बांधून शांत उभे होते. त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. स्वतःच्या हातानं ओढलेल्या तारेची त्यांना कधी भीती वाटत नाही. भीती कागदाची वाटते, आणि कागद माझ्याकडे असतात.

मग बाहेरची वीज जोडली, आणि खरी तपासणी सुरू झाली. साहेब बोळात टेबलापाशी वही उघडून बसले. मी पॅनेलच्या खोलीत. मी एकेक मूठ फिरवायची, पट्टीवर काय आहे ते मोठ्यानं वाचायचं, साहेबांनी लिहून घ्यायचं. मिस्त्री बोळाच्या दुसऱ्या टोकाला, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या पेटीशी. साहेबांना त्या पेटीत एक नट जरा सैल वाटला होता. ते म्हणाले होते, लाइन थांबली की तेवढा आवळून घ्या. आणि मिस्त्रींचा टेस्ट लॅम्प, लाइनमध्ये वीज आहे का ते दाखवणारा, दोन तारा लावलेला साधा दिवा, जो ते जेवतानाही मांडीशी ठेवतात, तो साहेबांनी वर वॉर्डात मागून घेतला होता आणि एका खाटेवर ठेवून ते खाली आले होते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त वाचत होते. पंप, खुला. वॉर्ड, खुला. बाहेरचे दिवे, खुला. शस्त्रक्रियेची खोली, बंद.

माझा आवाज खणखणीत आहे, तुला माहीत आहे. बोळाच्या टोकापर्यंत गेला.

मास्तर, आवाज मोठा नव्हता. जाड कापड फाटावं तसा. दाराच्या चौकटीत निळा उजेड आला आणि गेला, आणि पाठोपाठ माझ्यासमोरच्या मुख्य स्विचनं खाडकन मान टाकली. सगळी इमारत गप्प झाली. पंखे हळूहळू थांबत होते. मी दारातून वाकून बघितलं. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले होते. पान्याचं टोक पेटीत वितळून चिकटलं होतं, आणि दुसऱ्या टोकाला त्यांची मूठ तशीच होती. सुटत नव्हती की ते सोडत नव्हते, कळेना. डोळे उघडे होते. साहेब उभे राहिले होते, आणि पहिल्यांदाच ‘बरं’ म्हणाले नव्हते.

मी त्यांच्याकडे धावणार तेवढ्यात मला जनरेटर आठवला. बाहेरची वीज गेली की कुणीही हात न लावता दहा सेकंदांत तो आपोआप सुरू व्हावा, अशी मी आखणी केली होती. बाळंतपण अर्ध्यावर असताना अंधार नको म्हणून. दहा सेकंद, असं मी डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. म्हणजे आणखी सात-आठ सेकंदांत वीज पुन्हा त्याच पेटीत येणार होती, त्याच पान्यात, आणि पान्याला मिस्त्री होते. मी पॅनेलकडे वळले. ती मूठ फिरवायची, बस्स. हात वर गेला आणि मी पट्टी वाचली. ‘बंद’. दुसरी वाचली. ‘खुला’. आणि माझ्या डोक्यातलं पुस्तक मिटलं. बंद म्हणजे बंद, की बंद म्हणजे चालू? आत्ता मूठ बंदवर आहे, म्हणजे बंद आहे, म्हणजे फिरवली तर सुरू होईल; की बंदवर आहे म्हणजे सुरू आहे? स्वतःच्या हातानं लावलेल्या पट्ट्यांसमोर मी अडाण्यासारखी उभी. मागं जनरेटरच्या खोलीतून टक् असा आवाज आला. इंजिन जागं होताना आधी तसाच आवाज होतो.

खिडकीतून ती खोली दिसते. आत मेट्रनबाई होत्या. (त्या तिथं कशा? तर साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून नसलेली किटली त्यांनी तिथल्या सॉकेटला लावली होती, आणि वीज गेल्यामुळे तिच्याकडे रागानं बघत होत्या.) मी खिडकीच्या गजांना तोंड लावून ओरडले. पहिला शब्द तोंडातून आला तो ‘जनित्राचा परिपथ’. पुढं काय म्हणायचं ते मला येईना. मग मी म्हटलं, ‘अहो बाई, ते बंद करा.’

त्या बाईनं तुझं पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिनं विचारलंसुद्धा नाही. जनरेटरवर एक लाल बटण आहे, मुठीएवढं. त्यावर पट्टी लावायची माझ्याकडून राहून गेली होती. तिनं त्यावर तळहात मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि निजलं.

मिस्त्री जिवंत आहेत. तळव्याला चटका, भुवया आणि अर्धी मिशी गेली, एवढंच. पान्याला त्यांनी रबरी पट्टी गुंडाळलेली असते आणि पायाखाली रबरी चटई घेतल्याशिवाय ते पेटी उघडत नाहीत, म्हणून एवढंच. डॉक्टरीणबाईंनी तिथंच खाली बसून हात बांधला. नव्या प्रसूतिगृहाचा पहिला रोगी सत्तरीला टेकलेला पुरुष, असं त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही बंद म्हणालात.’

आता यावर माणसानं काय करावं? मी त्यांना परिपथ समजावून सांगितला. खरंच. डॉक्टरीणबाई पट्टी बांधताहेत आणि मी खडूनं फरशीवर वर्तुळ काढतेय. ही दोन टोकं, ही जुळली की वाट बंद, वाट बंद झाली की वीज वाहती, म्हणजे बघा मिस्त्री, मी म्हणाले ते बरोबरच होतं. मिस्त्रींनी त्या वर्तुळाकडे बराच वेळ बघितलं. ‘असं होय,’ म्हणाले. मग डाव्या हातानं एकेक हत्यार पुसून पिशवीत भरलं, वर जाऊन खाटेवरचा टेस्ट लॅम्प आणला, आणि गेले. वितळलेला पाना तेवढा पेटीतच राहिला.

साहेब म्हणाले, ‘बरं.’ मग वहीत लिहिलं: फेरतपासणी पुढल्या गुरुवारी, आणि ज्यानं काम केलं त्यानंच मुठी फिरवून दाखवायच्या. मी संध्याकाळी मिस्त्रींच्या खोलीवर गेले तर कुलूप. शेजारी म्हणाले, मुलीकडे गेले, सामान घेऊन. तीन निरोप धाडले, एकाचंही उत्तर नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसरा वायरमन बघा. बघता येईल. पण त्या इमारतीत कुठली तार कुठं वळलीय, कुठल्या भिंतीत त्यांनी दोन वीत जास्त तार उद्याच्या सोयीसाठी गुंडाळून ठेवलीय, ते दुसऱ्याला कोण सांगणार? मला ठाऊक नाही. ते माझ्या कागदावर कधी नव्हतंच. गुरुवारी मिस्त्री आले नाहीत तर तपासणी राहील, ते एक वेळ चालेल. शुक्रवारीही आले नाहीत, त्यापुढच्या शुक्रवारीही आले नाहीत, तर मी काय करायचं ते मला कळत नाही.

चूक कुणाची याचा मी शांतपणे विचार केला आहे. कोरणाऱ्याची आहे, त्यानं शब्द गाळला. साहेबांची आहे, त्यांनी दिवा वर ठेवला. लाल शाईची थोडी आहे. (शाईची. तुझी नव्हे.) आणि स्पष्ट लिहायचं तर मिस्त्रींचीही आहे. एकतीस वर्षं ज्या बाईबरोबर काम केलं तिला ‘वहिनी, हे बंद म्हणजे काय’ एवढा एक शब्द विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?

असो. गुडघ्यांना जप, जिना उतरताना कठड्याला धर. भावजयीला माझी आठवण सांग. काही मागायचं नव्हतं, म्हणून पत्र इथंच पुरं करते.

तुझी,
अक्का

ता. क. मिस्त्रींची मुलगी तुझ्या घरामागच्याच गल्लीत राहते, शिंप्याच्या दुकानावर, पहिला मजला. तुला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंच आहे, तर पाय मोकळे करायला त्या बाजूनं गेलास म्हणून काही बिघडत नाही. जिना सोळा पायऱ्यांचा आहे, डावा गुडघा कुरकुरेल, त्याचं ऐकू नकोस. तळवा भरून आला का ते बघ. मी पाठवलं असं सांगू नकोस. गुरुवारचा विषय काढ, पण हळूच.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवून झालं होतं, पुन्हा उघडलं. वर मी लिहिलंय की मिस्त्रींनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं होतं. सोमवारी दुपारी, पॅनेलच्या खोलीत मी शिडीवर असताना. खाली येऊन उभे राहिले, पॅनेलवरच्या ‘बंद’ पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘वहिनी, हे बंद म्हणजे आपलं बंदच ना?’ माझ्या तोंडात स्क्रू होते. मी खाली बघितलंही नाही. म्हटलं, ‘हो मिस्त्री, बंद म्हणजे बंद.’ ते ‘बरंय’ म्हणाले आणि गेले. मंगळवारी त्यांनी भुवया जाळून घेतल्या तेव्हा त्यांना हे आठवत होतं, आणि साहेबांसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर, ते बोलले नाहीत. मी वर्तुळ काढत होते तेव्हाही बोलले नाहीत. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

तिसरा ता. क. मी पाठवलं असं सांगू नकोस, हे खोडून टाक. सरळ सांग. मला तोंडानं बोलता येणार नाही. त्यांच्यासमोर उभी राहिले की मी पुन्हा खडू हातात घेईन, माझा मला भरवसा नाही. तेव्हा हे पत्र बरोबर ने आणि त्यांना वाचून दाखव. सगळं नको. आधीची सगळी पानं गाळ, गुडघे गाळ, किटली गाळ, चूक कुणाची तो परिच्छेद तर फाडूनच टाक. दुसऱ्या ता. क.पासून वाच. हळू वाच. पॅनेलवरच्या अठराही पट्ट्या मी काढल्यात आणि कोऱ्या लावल्यात. काय कोरायचं ते मिस्त्रींनी सांगायचं. ते सांगतील तसं कागदावर उतरवून बुधवारपर्यंत इकडे पाठव, शक्य असेल तर त्यांच्याच हाती. आणि मास्तर, तुला माझी शपथ आहे, ते तपासू नकोस.